परिषद एप्रिलमध्ये, तयारी डिसेंबरमध्ये

२०२३ सालची ईद आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात आहे. २२ एप्रिल, शनिवार. शिरकुर्म्याचे वाडगे भरत होते, रिकामे होत होते. पाहुण्यांची ये-जा चालू होती. आमची थोरली लेक मात्र सलाम करून, ईदी घेऊन आतल्या खोलीत गेली आणि लॅपटॉप उघडून बसली. दुसऱ्या दिवसापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे युरोपियन जिओसायन्सेस युनियन या संस्थेची वार्षिक परिषद सुरू होणार होती. तिच्या कामाला तिथे जागा मिळाली होती. ती स्वतः मात्र महाडमध्येच होती.

तिने आपले काम घरूनच, इंटरनेटवरून मांडले. त्या दिवशी दोनदा वीज गेली. शेजारच्या खोलीत मुलांचा गोंधळ चालला होता. शेवटी कोणी एकही प्रश्न विचारला नाही. ती बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, "झालं, अम्मी." तिने तक्रार केली नाही, म्हणूनच ते आम्हाला जास्त लागले. कारण चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही दोघांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "बघू, ईद झाल्यावर ठरवू" म्हणत तीन महिने घालवले होते.

पुढच्या वर्षी ती व्हिएन्नाला जाऊन आली. या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो ते लिहावे, असे ओळखीच्या काही कुटुंबांनी सुचवले. आज आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आणि मुले संशोधनाकडे वळत आहेत. आज ना उद्या त्यांच्याही घरी असे एखादे पत्र येईल. तेव्हा हा अनुभव उपयोगी पडावा, इन्शाअल्लाह.

ही परिषद म्हणजे नेमके काय?

आम्हालाही सुरुवातीला परिषद म्हटले की एक सभागृह, एक व्यासपीठ आणि हारतुरे एवढेच डोळ्यांसमोर येई. ही परिषद तशी नाही. जमीन, पाणी, हवा, समुद्र, भूकंप, ज्वालामुखी अशा विषयांवर काम करणारे शास्त्रज्ञ इथे दरवर्षी वसंत ऋतूत आठवडाभर जमतात. २००५ पासून ती व्हिएन्नात भरते. २०२४ मध्ये १८ हजारांहून अधिक लोक प्रत्यक्ष आले होते आणि ते शंभराहून अधिक देशांतले होते. एकाच वेळी अनेक दालनांत व्याख्याने चालतात. त्याशिवाय मोठमोठ्या दालनांत रांगेने पोस्टर लावलेली असतात. प्रत्येक पोस्टरपाशी ते काम करणारा संशोधक उभा असतो आणि येणाराजाणारा थांबून विचारतो, "हे कसे केले? असेच का?"

आमच्या मुलीचा विषय आहे सह्याद्रीतल्या दरडी. तो तिने पुस्तकातून निवडलेला नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये सावित्रीचे पाणी शिरले, तेव्हा आम्ही माळ्यावर बसून रात्र काढली. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हा ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती. किती पाऊस, किती तासांत पडला की कोणत्या उतारावरची माती सुटते, याचा अभ्यास करायचा हे तिने तेव्हाच ठरवले. २०२३ च्या जुलैमध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, त्या रात्री ती झोपली नाही. म्हणून तिचे व्हिएन्नाला जाणे आमच्यासाठी परदेशवारीची हौस नव्हती. जगभरात दरडींवर काम करणारी माणसे एका छताखाली येतात, त्यांच्यासमोर आपल्या डोंगरांची गोष्ट ठेवायची होती.

पहिल्या वर्षी काय चुकले

२०२३ साली सारांश पाठवण्याची शेवटची तारीख १० जानेवारी होती. तिने तो वेळेत पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. त्यानंतरचा चेंडू आमच्या अंगणात होता, आणि तो तिथेच पडून राहिला.

दादी म्हणाल्या, "पोर एकटी एवढ्या लांब? कुठे राहील, काय खाईल?" धाकटे चाचा म्हणाले, ईदच्या तोंडावर घरातली मुलगी परदेशात कशी पाठवायची? आम्ही दोघे काहीच म्हणालो नाही. मनातून पाठवायचे होते, पण निर्णय घ्यायचे धाडस नव्हते. मार्चच्या शेवटी तिच्या मार्गदर्शक मॅडमचा फोन आला, तेव्हा आम्ही जागे झालो.

तोवर सवलतीच्या नोंदणीची मुदत संपली होती आणि शुल्क वाढले होते. व्हिसा केंद्रात मिळणाऱ्या तारखा परिषदेनंतरच्या होत्या. परिषदेच्या जवळची परवडणारी हॉटेले भरली होती. उरल्या होत्या त्या एक तर खिशाला न झेपणाऱ्या खोल्या, नाही तर शहराच्या टोकाला असलेले एक वसतिगृह, तेही अनोळखी लोकांबरोबर सामायिक खोलीत. ती जागा पाहून दादींची भीती खरी ठरल्यासारखे झाले. "बघ, मी म्हणत होते ना?" असे त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

पुढे आम्ही यावर पुष्कळ विचार केला. दादींचे प्रश्न चुकीचे नव्हते. मुलगी कुठे राहील, कोणासोबत राहील, काय खाईल हे घरच्यांनी विचारायलाच हवे. पण या प्रश्नांना चांगली उत्तरे डिसेंबर-जानेवारीत मिळतात. मार्चमध्ये तेच प्रश्न विचारले की उत्तर एकच उरते: नको. उशीर हाही एक नकारच असतो. फक्त तो कोणी तोंडाने उच्चारलेला नसतो.

साखळी समजून घ्या

दुसऱ्या वर्षी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो आणि मुलीकडून सगळे समजावून घेतले. तेव्हा लक्षात आले की ही एक साखळी आहे. सारांश पाठवल्याशिवाय परिषदेत जागा नाही. नोंदणी करून पैसे भरल्याशिवाय सहभागाचे पत्र हाती येत नाही. ते पत्र आणि राहण्याच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुरा होत नाही. व्हिसा नसेल तर विमानाचे पक्के तिकीट काढण्यात शहाणपण नाही. एक कडी महिनाभर लांबली की पुढच्या सगळ्या लांबतात, आणि परिषदेची तारीख मात्र जागची हलत नाही.

२०२४ ची परिषद १४ ते १९ एप्रिलला होती. रमजान १२ मार्चला सुरू होणार होता आणि ईद ११ एप्रिलच्या आसपास येणार होती. म्हणजे ईद घरी करून ती निघू शकत होती, पण बाकी सगळी धावपळ रमजानच्या आधी संपवायला हवी होती. आम्ही रमजानपासून मागे मोजत गेलो आणि प्रत्येक कामाला तारीख लावली.

पहिली तारीख नोव्हेंबरची होती. त्या दिवशी दादींसह घरातले सगळे एकत्र बसलो. जायचे की नाही एवढाच विषय. आमचे म्हणणे आहे, घरच्यांचा होकार हीच पहिली नोंदणी. ती झाली की पुढची कामे कागदपत्रांची असतात, ती होतात.

पैशाची सोय आधी

अनेकांना माहीत नसते, की मोठ्या परिषदा स्वतःच तरुण संशोधकांना प्रवासासाठी मदत देतात. या परिषदेतही तशी सोय आहे. तिचा अर्ज मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच, म्हणजे सारांशाच्या सर्वसाधारण मुदतीच्या महिनाभर आधी करावा लागतो. जानेवारीत जागे होणाऱ्याला ही मदत मिळूच शकत नाही. आपल्या मुलीने अर्ज केला. तिला मदत मिळाली नाही, तिच्या एका मैत्रिणीला मिळाली. अर्ज केल्याने नुकसान काही झाले नाही. उलट सारांश डिसेंबरमध्येच तयार झाला आणि मॅडमकडून दोनदा तपासून घेता आला.

केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांच्याही परदेशी परिषदांसाठी प्रवास-अनुदानाच्या योजना असतात. विद्यापीठे आणि संशोधन संस्था आपल्या विद्यार्थ्यांना काही रक्कम देतात. या सगळ्यांना वेळ लागतो आणि बहुतेक ठिकाणी प्रवासाच्या कितीतरी आधी अर्ज द्यावा लागतो. मुलीच्या संस्थेने निम्मा खर्च उचलला. बाकीचा आम्ही भिशीच्या पैशातून केला. ती भिशी पुरात खराब झालेल्या माळ्याच्या दुरुस्तीसाठी होती. माळा आणखी एक पावसाळा थांबला.

नोंदणी करताना

सारांशाची मुदत १० जानेवारीला मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी १ वाजता संपत होती. आपल्याकडे तेव्हा सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. परदेशी परिषदेची तारीख पाहताना तिथली वेळ आपल्या वेळेत करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. "आज रात्री करू" म्हणणाऱ्याची मुदत संध्याकाळीच संपलेली असते.

नोंदणी सुरू झाल्यावर आम्ही थांबलो नाही. लवकर नोंदणी केली की शुल्क कमी पडते आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठी दर आणखी कमी असतो. त्यासाठी विद्यार्थी असल्याचा दाखला संस्थेकडून आधीच घेऊन ठेवावा. पैसे भरताना पहिल्या रात्री आमचे कार्ड चालेना. बँकेत चौकशी केली तेव्हा कळले, की कार्डावर परदेशी व्यवहार सुरूच केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी काम झाले. हीच अडचण मुदतीच्या शेवटच्या रात्री आली असती तर?

आता आपल्या घरांत नेहमी येणारी एक अडचण. नाव. शेख हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. मोहम्मद कुठे पूर्ण असते, कुठे दोन अक्षरांत उरकलेले असते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरेच. आमच्या मुलीने सवयीप्रमाणे कॉलेजातल्या स्पेलिंगने नोंदणी केली होती आणि पासपोर्टवर एक अक्षर वेगळे होते. व्हिसासाठी कागदपत्रे जुळवताना ते ध्यानात आले. परिषदेच्या कार्यालयाला ईमेल पाठवून नाव दुरुस्त करून घेतले आणि सहभागाचे पत्र पुन्हा काढले. हाताशी आठवडे होते म्हणून ही गोष्ट किरकोळ ठरली. परिषदेची नोंदणी, राहण्याचे आरक्षण, विमा आणि तिकीट या चारही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर लिहा.

नोंदणी रद्द करावी लागली तर किती पैसे परत मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही पैसे भरण्याआधी वाचून घ्यावे. व्हिसा नाकारला गेला तर हाच नियम कामी येतो.

खोली मिळाली आणि परवानगी पक्की झाली

या सगळ्यात आमच्या घरासाठी सर्वांत मोठी गोष्ट होती ती राहण्याची सोय. एका आठवड्यात एखाद्या लहान शहराएवढी माणसे बाहेरून येतात, तेव्हा परिषदेजवळच्या खोल्या आधी संपतात आणि मग महागतात. जानेवारीत मात्र अजून निवडीला वाव होता.

मॅडमनी पुण्या-मुंबईच्या दोन संशोधक मुलींशी गाठ घालून दिली. त्याही जाणार होत्या. तिघींनी मिळून स्वयंपाकघर असलेली एक छोटी सदनिका आठवड्यासाठी घ्यायची ठरवली. तिघींत वाटून घेतल्यावर प्रत्येकीला पडलेला खर्च हॉटेलच्या एकट्या खोलीच्या निम्म्याहून कमी होता. त्या दोघींच्या घरच्यांशी आम्ही फोनवर बोललो. दादींनी त्यांच्यातल्या एकीच्या आजीशी अर्धा तास गप्पा मारल्या, दोघींनी गुडघेदुखीवरची औषधे एकमेकींना सांगितली, आणि फोन ठेवून दादी म्हणाल्या, "जाऊ दे पोरीला. चांगल्या घरच्या मुली आहेत." आदल्या वर्षी जो प्रश्न आमच्या गळ्यात अडकला होता, तो एका आरक्षणाने सुटला.

जागा निवडताना परिषदेच्या इमारतीशेजारीच हवी असा हट्ट आम्ही धरला नाही. परिषद भरते ते ऑस्ट्रिया सेंटर शहराच्या मध्याबाहेर, डॅन्यूब नदीपलीकडे आहे. तिथे 'यू-१' ही मेट्रो जाते आणि कायझरम्युलेन या स्थानकावर उतरायचे असते. त्याच मार्गावर पाच-सात स्थानके लांब राहिले तरी गाडी न बदलता थेट पोहोचता येते, आणि भाडे बरेच उतरते. मुलींनी त्याच मार्गावर दक्षिणेकडच्या फावोरिटन भागात जागा घेतली. तिथे तुर्की लोकांची मोठी वस्ती आहे. हलाल मांसाची दुकाने आणि खानावळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच निवडीत भाडे, प्रवास आणि खाणे या तिन्हींची सोय झाली.

आरक्षण करताना तीन गोष्टी पाळल्या. एक, ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल अशीच जागा घेतली, आणि ती तारीख व्हिसाचा निकाल अपेक्षित होता त्याच्या नंतरची असेल हे पाहिले. दोन, पावतीवर तिघींचीही नावे घालून घेतली. आरक्षण एकीच्या नावावर असेल तर बाकीच्यांना व्हिसाच्या अर्जात तो पुरावा म्हणून दाखवताना अडचण येते. तीन, पोहोचण्याच्या रात्रीपासून परतीच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या रात्री त्यात येतील याची खात्री केली.

आणि एक इशारा. नोंदणी झाल्यानंतर काही दिवसांतच एक ईमेल आला. परिषदेसाठी राहण्याची अधिकृत सोय आम्हीच करतो, खोल्या संपत आल्या आहेत, ताबडतोब कार्डाचा नंबर पाठवा, अशी त्याची भाषा होती. पाठोपाठ फोनही आला. मोठ्या परिषदांच्या नावावर असे फसवणारे लोक जगभर असतात. संयोजकांनी स्वतः दिलेल्या यादीत नसलेल्या कोणालाही पैसे देऊ नयेत. घाईला लावणाऱ्याला तर मुळीच नाही.

व्हिसा

ऑस्ट्रिया हा शेंगेन करारातला देश आहे. हा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि किमान १५ दिवस आधी अर्ज पोहोचलाच पाहिजे. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही वेळा ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. तेव्हा शुल्क ८० युरो होते, जून २०२४ पासून ते ९० युरो झाले आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. बँकेचे उतारे, संस्थेचे पत्र, सहभागाचे पत्र आणि राहण्याचे आरक्षण हे सगळे सोबत जोडावे लागते. शेवटी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते.

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळवली. पहाटे फज्र पढून महाडहून निघालो आणि रात्री परतलो. पासपोर्ट व्हिसासह हाती आला, तेव्हा रमजानचे पहिले रोजे चालू होते. त्या दिवशी इफ्तारला खजुराबरोबर बर्फीही होती.

विमानाचे तिकीट त्यानंतरच पक्के केले. दुबईमार्गे थोडे स्वस्त पडत होते, पण वेळा सोयीच्या होत्या म्हणून आम्ही इस्तंबूलमार्गे घेतले. १६ एप्रिलला दुबईत विक्रमी पाऊस होऊन विमानतळावर पाणी भरले. टीव्हीवर ते पाहताना आम्ही अल्लाहचे आभार मानले. हे शहाणपण नव्हते, नशीब होते. पण परतीच्या प्रवासात एखादा दिवस हाताशी ठेवावा, एवढे त्यातून शिकलो.

बॅग भरताना

ईद ११ एप्रिलला झाली. दुसऱ्या दिवशी रात्री निघायचे होते. दादींनी सुका खिमा करून डब्यात घट्ट भरला होता, तूप होते, खव्याची मिठाई होती. मुलीने हळूच सगळे बाहेर काढले. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. दादी रुसल्या. "मग सुकी मासळी?" त्यांनी विचारले. नियमाप्रमाणे ती चालते, पण तीन मुलींच्या त्या छोट्या सदनिकेत सुकटीचा वास काय करील, या विचाराने सगळे हसले. अखेर तांदूळ, मसुराची डाळ, मसाला, लोणचे आणि खजूर गेले. तिघींनी आठवडाभर रात्री खिचडी केली.

नमाजाच्या वेळा तिने आधीच लिहून घेतल्या होत्या. एप्रिलच्या मध्यात व्हिएन्नात जुहरची वेळ दुपारी एकच्या सुमारास सुरू होते आणि मगरिब पावणेआठच्या आसपास. किब्ला आपल्यासारखा पश्चिमेला नाही, आग्नेयेला. दुपारी दोन सत्रांमध्ये मोकळा वेळ असे, त्यात ती जुहर पढून घेई. शुक्रवारी शेवटच्या दिवशी ती परिषदेच्या इमारतीमागचे डोनाउपार्क हे मोठे उद्यान ओलांडून व्हिएन्नाच्या इस्लामिक सेंटरच्या मशिदीत गेली. ही मशीद १९७९ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रियात इस्लामला कायद्याने मान्यता १९१२ पासूनच आहे, कारण बोस्निया तेव्हा त्या साम्राज्यात होता. हे तिने घरी आल्यावर सांगितले. दादींनी ते मोहल्ल्यात निदान दहाजणींना ऐकवले असेल.

पोस्टरपाशी

तिच्या पोस्टरवर मध्यभागी तळियेच्या उताराचा नकाशा होता. ठरलेल्या वेळी ती तिथे उभी राहिली. पहिली दहा मिनिटे कोणी थांबले नाही. मग नेपाळचा एक संशोधक थांबला. त्याच्या गावाकडचे डोंगरही असेच सुटतात. इटलीच्या एका प्राध्यापिकेने पर्जन्यमापक किती अंतरावर होता, असे विचारले आणि त्या एका प्रश्नाने तिच्या कामातली कच्ची बाजू उघडी पडली. ती रात्री फोनवर म्हणाली, "अब्बा, मला चूक सापडली!" आम्ही घाबरलो. ती मात्र आनंदाने सांगत होती. पावसाची नोंद डोंगराखाली होते आणि दरड वरून सुटते. वर किती पाऊस पडला हे कळायला तिथे यंत्र लागेल. आज तिच्या संस्थेची दोन पर्जन्यमापक यंत्रे महाड तालुक्यात उंचावरच्या वाड्यांवर बसली आहेत. त्यातले एक शाळेच्या छपरावर आहे आणि त्याची रोजची नोंद सातवीतली मुले करतात.

आदल्या वर्षी हाच निबंध तिने घरून मांडला होता आणि कोणी काही विचारले नव्हते. पडद्यावर माणूस ऐकतो आणि निघून जातो. समोर उभे राहिले की तो थांबतो, बोट ठेवतो, वाद घालतो. संशोधन तिथे पुढे सरकते. म्हणून तिथे जाण्याला महत्त्व आहे, आणि म्हणूनच आधी नोंदणी, आधी खोली.

देशातल्या परिषदांसाठीही

परदेशच कशाला? जानेवारी २०२३ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेस नागपूर विद्यापीठात भरली होती. २०१५ मध्ये ती मुंबई विद्यापीठात झाली होती. अशा परिषदांना व्हिसा लागत नाही, पण बाकीचे नियम तेच. राहण्याची सोय बहुधा विद्यापीठाच्या वसतिगृहांत होते आणि त्या जागा मोजक्या असतात. मुलींसाठीच्या जागा वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी सुरू होते, त्याच दिवशी ते करावे. मुलगी बारावीत असो की पीएच.डी. करत असो, नोंदणीची तारीख घरातल्या मोठ्यांनाही माहीत असावी.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात लग्न ठरले की सहा महिने आधी हॉल पाहतो. हजला जायचे असले की वर्षभर आधी अर्ज, पासपोर्ट आणि पैसे यांची जुळवाजुळव करतो. कोणाला त्यात घाई वाटत नाही. मुलीच्या निबंधाला जगाच्या परिषदेत जागा मिळते, तेव्हा मात्र "बघू" हा शब्द आपल्या तोंडी का येतो? आमच्या तोंडी आला होता, आणि त्याची किंमत तिने मोजली.

तिची धाकटी बहीण यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा ती सहज म्हणाली, "डिसेंबरमध्ये एक अर्ज भरायचा आहे." दादी तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "मग कॅलेंडरवर लिही. आणि सोबत कोण कोण येणार, ते आधी सांग."